पटावरचं विसावं नाव

वडील गेल्याच्या अठराव्या दिवशी मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडात यंत्र घातलं.

प्रतापदादा त्याच्या दुकानात स्टुलावर बसला होता. दुकान म्हणजे गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागची एक पत्र्याची खोली. भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, कोपऱ्यात उघडून ठेवलेल्या पाण्याच्या मोटारी आणि सगळीकडे वार्निशचा वास. जळालेल्या मोटारींचं जुनं वाइंडिंग काढून तो नवीन तार गुंडाळून देतो. गेली बावीस वर्षं तो हेच करतोय.

"चाळीस सेकंद. हलू नकोस," मी म्हटलं.

यंत्र जाडसर टूथब्रशसारखं दिसतं. ते दाढेला टेकवलं की बारीक गुणगुणतं. दादा डोळे मिटून ते ऐकत राहिला. यंत्र बाहेर काढल्यावर त्यानं जबडा चोळला आणि म्हणाला, "बेअरिंग घासतंय ह्याचं."

"कशाचं?"

"आत बारका पंखा हाय न्हवं? त्याचं. किती लाखाचं म्हणालीस हे?"

"लाखाचं नाही, कोटीचं."

"मग बेअरिंग तरी बरं घालायचं की लेकानू."

त्याला हसू आलं. आप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच तो हसत होता. आप्पांच्या शेवटच्या आठ महिन्यांत त्यांना उचलणं, धुणं-पुसणं, भरवणं, सगळं त्यानं आणि वहिनीनं केलं. मी पुण्याहून तीनदा आले होते. त्यातल्या एका खेपेला लॅपटॉप घेऊन.

"काय कळणार ह्यातनं?" त्यानं विचारलं.

"तुझी जन्मतारीख."

"ती दाखल्यावर हाय की. एक जून पंच्याण्णव."

"दाखल्यावर सगळ्यांचीच एक जून आहे, दादा. आमच्या यादीतल्या तेराशे मुलांची."

"लई बाळंतपणं झाली म्हणायची त्या दिवशी." त्यानं संमतीचा कागद पुढे ओढला. खाली दोन चौकटी होत्या, निष्कर्ष मला कळवावा आणि कळवू नये. 'कळवावा'वर त्यानं खूण केली. "एवढा जबडा दुखवून घेतलाय तर कळव."

मग तार हातात घेत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "जुईची बी चाचणी हाय म्हणं पुढच्या महिन्यात."

जुई त्याची मुलगी, यंदा नऊ पूर्ण झाली. "नवाच्या सगळ्याच मुलांची आहे," मी म्हटलं.

"मला काय त्याची काळजी न्हाई. आमच्यात डोकं कुठलं? घरातलं सगळं तुझ्या वाटणीला आलं. तिला तिसऱ्या प्रवाहात टाकतील. मी आत्तापासनंच तार धरायला शिकवतोय. हात चांगला हाय तिचा."

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"आणि एक सांगायचं राह्यलं," तो म्हणाला. "आप्पा शेवटी शेवटी सारखं विचारायचे, तुझं वय किती रे? मी म्हणायचो, एक्केचाळीस. तर मान हलवायचे. चाळीस, म्हणायचे. रोज. एवढा गणिताचा मास्तर, शेवटी साधी वजाबाकी चुकायला लागला."

*

माझं काम काय आहे ते इथं सांगितलं पाहिजे.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेनं जिल्ह्यातल्या चौथीच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली. चार वर्षांत मिळून तीन हजार नऊशे बारा मुलं. त्यातल्या वरच्या मुलांना एका निवासी शाळेत नेलं. तिथं चांगले शिक्षक होते, ग्रंथालय होतं, दोन वेळचं पोटभर जेवण होतं. बाकीची आपापल्या गावच्या शाळेत राहिली. मग संस्थेनं सगळ्यांचा माग ठेवला. कोण किती शिकलं, काय काम करतं, किती आजारी पडतं, किती वेळा काम सुटलं. या सगळ्यातून एक आकडा निघतो, शून्य ते शंभर. त्याला आम्ही यशांक म्हणतो. माझा एक्याऐंशी आहे. दादाचा अडतीस.

मी त्या निवड झालेल्या मुलांपैकी एक. पुढे संख्याशास्त्र शिकले आणि फिरत फिरत त्याच अभ्यासावर नोकरीला लागले. आमच्या संगणकानं या सगळ्या आयुष्यांचा जो सांधा जुळवला, त्यात असं दिसलं की माणसाच्या यशातला एकसष्ट टक्के वाटा नवव्या वर्षीची बुद्धी आणि त्यानंतरचं शिक्षण एवढ्यावरच ठरतो. हा आकडा वर्तमानपत्रांत आला आणि मग शासनाच्या समितीत गेला. नव्या पिढीतल्या प्रत्येक मुलाला नवव्या वर्षी तीन प्रवाहांत वाटायचं, हा निर्णय त्याच आकड्यावर उभा आहे. पहिल्या प्रवाहाला विद्यापीठ, दुसऱ्याला तंत्रशाळा आणि तिसऱ्याला लवकर काम.

अशा चाचणीत नुसते गुण मोजून भागत नाही. आठ वर्षांच्या मुलानं साठ प्रश्न सोडवणं वेगळं आणि दहा वर्षांच्या मुलानं सोडवणं वेगळं. म्हणून गुण वयाच्या तक्त्यात घालून बघतात. वय जितकं कमी, तितके कमी गुण पुरतात. आता वय कुठून घ्यायचं? शाळेच्या रजिस्टरातून. तिथं एक जून.

इथं दाढ कामाला येते. पहिली कायमची दाढ हिरडीतून वर येते सहाव्या वर्षी, पण आत ती घडायला लागते जन्माच्या सुमारास. तिच्यावरचं कवच रोज एक थर असं चढतं, झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय पडतं तसं, फक्त रोज आणि फार बारीक. जन्माचा धक्का त्या थरांत एक गडद रेघ ठेवून जातो. पुढे थर मोजत गेलं की दिवस मोजता येतात. शिवाय आपण जे पाणी पितो त्याची खूण थरांत राहते. पावसाळ्याच्या पाण्यातला प्राणवायू उन्हाळ्याच्या पाण्यातल्याहून किंचित हलका असतो. जन्मानंतरच्या तीन वर्षांतला हा हलक्या-जडाचा क्रम त्या तालुक्याच्या जुन्या पावसाच्या नोंदींशी जुळवला की जन्माचा दिवस सापडतो, बारा दिवस इकडे किंवा तिकडे. हे कवच पुन्हा कधी नवं होत नाही. पूर्वी त्यासाठी दाढ काढून कापावी लागायची. आता चाळीस सेकंद पुरतात.

आम्हाला वाटलं होतं, चुकीची वयं दुरुस्त केली की एकसष्टचा आकडा आणखी पक्का होईल. झालं उलटंच. रजिस्टरात वय कमी लागलेली मुलं चाचणीत हुशार ठरली होती, जास्त लागलेली मंद. कुठल्या मास्तरनं त्या दिवशी कुठलं साल लिहिलं, यावर निवड झाली होती. आणि तीस वर्षांनी काय दिसत होतं? निवडीच्या रेषेच्या आसपासची जी मुलं निव्वळ चुकीच्या तारखेमुळे आत गेली, ती खऱ्या हुशार मुलांइतकीच पुढे गेली होती. आणि जी चुकीच्या तारखेमुळे बाहेर राहिली, ती कितीही हुशार असली तरी बाहेरच्यांसारखीच राहिली. बुद्धीला अर्थ नाही असं नाही. पण एकसष्टातले निम्म्याहून जास्त टक्के बुद्धीचे नव्हते, ते आत घेतलं जाण्याचे होते.

ही गोष्ट मला आप्पा आजारी असतानाच कळली होती. त्यांना सांगावी असं वाटलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं, त्यांना ती आवडली असती, असं तेव्हा मला वाटायचं.

*

दादाच्या दाढेचा निकाल तिसऱ्या दिवशी दुपारी आला. मी आप्पांच्या खोलीत, त्यांच्या टेबलापाशी बसले होते. भिंतीवर माझ्या शाळेचं प्रशस्तिपत्र, माझ्या पदवीदानाचा फोटो, माझा वर्तमानपत्रातला फोटो. दादाचा एकही नाही.

जन्म: २१ ऑक्टोबर १९९६.

मी पुन्हा मोजलं. दाखल्यावरच्या तारखेपेक्षा जवळजवळ सतरा महिने लहान. मग जुन्या यादीतली त्याची ओळ काढली. २००५च्या फेब्रुवारीतली चाचणी. गुण एकसष्ट. रजिस्टराप्रमाणे वय नऊ वर्षं आठ महिने, त्या वयाला निवडीसाठी चौसष्ट लागत. तीन कमी पडले. खरं वय आठ वर्षं चार महिने, त्या वयाला बावन्न पुरत. नऊ जास्त होते.

माझी ओळही शेजारी लावली. माझी तारीख खरी होती, दाखल्यावर आणि दाढेतही. वय नऊ वर्षं तीन महिने. लागणारे साठ, मिळालेले त्रेसष्ट. म्हणजे मी तीन गुणांनी आत गेले. तो नऊ गुण जास्त असून बाहेर राहिला.

खिडकीबाहेर वहिनी कपडे वाळत घालत होती. मला दादा आठवला, पाचवी-सहावीतला. रांगेत सगळ्यांत पुढे उभा, कारण उंचीनं सगळ्यांत लहान. आप्पांपुढे पाटी घेऊन बसलेला. "एवढा घोडा झालास आणि भागाकार येत नाही?" आप्पांचा आवाज. दादाच्या वर्गातली पोरं दीड-दीड वर्षानं मोठी होती. दीड वर्ष म्हणजे त्या वयात केवढं असतं.

आणि दुसरी गोष्ट आठवली. आई गेली तेव्हा मी सव्वादोन वर्षांची होते. मला तिचं काही आठवत नाही आणि ते कुणी मनावरही घेत नसे. पण पाहुणे आले की आप्पांची थोरली बहीण दाखल्यावरचं वय धरून म्हणायची, "मृणाल तान्ही होती, तिचं जाऊ द्या. प्रताप सहा वर्षांचा घोडा होता की! त्याला विचारा आईचं." मग सगळे दादाकडे बघायचे. दादा मान खाली घालायचा. एकदा माजघरात मी त्याला विचारलं होतं, "खरंच काही नाही आठवत?" तो म्हणाला होता, "न्हाई. माझं डोकंच तसलं हाय."

ती तारीख कुणी लिहिली होती, हे विचारायची गरज नव्हती. तो आप्पांच्याच शाळेत पहिलीला बसला होता.

*

घोरपडे बाई आता आजऱ्याला मुलीकडे राहतात. भुदरगडातल्या ज्या वाडीवर आमचा जन्म झाला, तिथल्या शाळेत त्या आणि आप्पा असे दोनच शिक्षक होते. मी गेले तेव्हा त्या ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या.

"ये गं. गुरुजी गेले ते कळलं. गुडघ्यांनी येऊ दिलं नाही." त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि लसणाचा हात पदराला पुसला. थोडा वेळ आम्ही आप्पांबद्दल बोललो. मग मी दादाच्या दाखल्यावरच्या तारखेबद्दल विचारलं.

बाईंचा हात थांबला. "कुणी सांगितलं तुला?"

"दादाच्या दाढेनं."

"दाढेनं?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मी चेष्टा करत नाहीये याची खात्री करून घेतली. "बरं झालं. माणसांपैकी कुणी सांगितलं नसतं."

मग त्यांनी सांगितलं. २००१चा जून. शाळेचा पट एकोणीस. वीस मुलं नसतील तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार, असं तालुक्याहून सांगितलेलं. दुसरा शिक्षक म्हणजे बाईच.

"माझे मालक तेव्हा अंथरुणाला खिळलेले. पगारावर घर चाललेलं. आणि तुझी आई जाऊन तीन महिने झाले होते. गुरुजी तुम्हा दोघांना घेऊनच शाळेत यायचे, ठेवणार कुणाकडे? तू माझ्या पायाशी बसून पाटीवरची पेन्सिल खायचीस. प्रताप पहिलीच्या पोरांत जाऊन बसायचा. गुरुजी म्हणाले, बाई, बसतोच आहे तर नाव लावू. विसावं नाव त्याचं."

"पण साल?"

"पाचाच्या आतलं पोर घेता येत नव्हतं. सहाचं केलं, म्हणजे कुणी विचारायलाच नको. आणि एक जून तर आम्ही सगळ्यांनाच लावायचो. आईबापाला विचारलं पोर कधी झालं, तर सांगणार भातकापणीत झालं. आता भातकापणीची तारीख कशी लिहायची?" बाई थोडं हसल्या. "म्हणाले होते, पुढच्या वर्षी परत पहिलीतच बसवू, सरळ होईल सगळं. तर पुढच्या वर्षी बदली झाली त्यांची. दाखला दुसरीचा गेला. तो खोडायचा म्हणजे पहिलं नाव खोटं होतं हे लिहून द्यायचं. त्यांची नोकरी आणि माझीही."

"नंतर कधी बोलले?"

बाईंनी लसणाची एक पाकळी सोलली, ताटलीत टाकली. "एकदा. त्या चाचणीचा निकाल लागला तेव्हा. एसटीनं माझ्याकडे आले. तो वयाचा तक्ता बरोबर होता. म्हणाले, बाई, हे जरा वाचा, माझा चष्मा चुकतोय. चष्म्याला काही झालं नव्हतं. मी मोठ्यानं वाचलं, आठ वर्षं चार महिने, बावन्न. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली. चहा केला होता, तो घेतला नाही. जाताना म्हणाले, धाकटीचं तरी नीट करतो."

तिसरीपासून रोज पहाटे आप्पा मला उठवून चाचणीचे नमुने सोडवून घ्यायचे. घड्याळ लावून. दादाच्या वेळी हे काही नव्हतं. मला वाटायचं, मी हुशार आहे म्हणून.

निघताना बाई म्हणाल्या, "तारीख काय निघाली म्हणालीस?"

"एकवीस ऑक्टोबर. बारा दिवस मागे-पुढे."

"मागे-पुढे कशाला? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला तो. तुझ्या आईनंच सांगितलं होतं मला. सोनं लुटून घरी आणलं आणि कळा सुरू झाल्या. आपट्याची पानं वाटायची तशीच राहिली त्या वर्षी. हसून म्हणायची, ह्यानं माझा दसरा बुडवला."

*

सबनीस सरांना मी आजऱ्याच्या एसटी स्टँडवरूनच फोन केला. ते आमच्या प्रकल्पाचे प्रमुख. अहवाल शुक्रवारी समितीकडे जायचा होता.

"दाढांचा भाग परिशिष्टात टाकू, मृणाल," ते म्हणाले. ते हे गेला महिनाभर म्हणत होते. "समितीला एक आकडा हवा आहे. दोन आकडे दिले की ते जुनाच घेतात."

"मुख्य भागात घेऊ या, सर. माझी ओळ पण घाला. आणि माझ्या भावाची."

"भावाची?"

मी सांगितलं. मागे त्यांच्या कार्यालयातल्या पंख्याचा आवाज येत होता.

"नातेवाइकाची ओळ काढून टाकायचा नियम आहे. काढलीस तर तुला कुणी काही म्हणणार नाही," ते अखेर म्हणाले.

"माहीत आहे. टीप घालून ठेवते. समितीला काढायची असेल तर ती काढेल."

"तुझ्या वडिलांचं नाव येईल. शाळेचं रजिस्टर, लिहिणाऱ्याची सही."

"येईल."

"आपण दोघंही त्याच दारातून आलेली माणसं आहोत, मृणाल." त्यांचा आवाज थकलेला होता. तेही त्या निवासी शाळेचेच, पहिल्या तुकडीचे. "मी अजून माझी दाढ तपासून घेतलेली नाही. माझीही एक जूनच आहे."

"घ्या तपासून. चाळीस सेकंद लागतात. फक्त पंख्याचं बेअरिंग घासतंय, तेवढं दुरुस्तीवाल्याला बघायला सांगा."

"बेअरिंग? त्यानं तर महिनाभर शोधून सांगितलं, कळत नाही काय बिघडलंय."

"बेअरिंग आहे, सर," मी म्हटलं.

*

तरी दादाला सांगायला मी दोन दिवस घेतले.

सांगून त्याला काय मिळणार होतं? जे दार तीस वर्षांपूर्वी बंद झालं ते आपलं होतं, एवढंच. बाप रागावायचा तो खोट्या वयावरून, आणि बापाला ते माहीत होतं, एवढंच. ज्या बापाला त्यानं आठ महिने हातांवर उचललं. फक्त खूण करायची होती, 'निष्कर्ष संदिग्ध', आणि विषय संपला असता. जुईचा विचार आला की मात्र हे जमत नव्हतं. आमच्यात डोकं कुठलं, हे वाक्य आता ती ऐकायला लागली होती.

सकाळी दुकानात गेले. दादा एका मोटारीचं वाइंडिंग करत होता. हातानं फिरवायच्या यंत्रावर तार चढत होती आणि तो ओठांतल्या ओठांत वेढे मोजत होता. मोजताना त्याच्याशी बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. मी थांबले. पण तो मोजता मोजताच म्हणाला, "बोल. चव्वेचाळीस. ऐकतोय मी."

मी सांगितलं. तारीख, पट, विसावं नाव, बाईंची जागा. मग गुण, माझे आणि त्याचे. बाईंनी वाचलेला तक्ता. काही गाळलं नाही.

तार फिरायची थांबली होती.

"म्हणजे मी हुशार होतो?" तो म्हणाला.

"त्या चाचणीप्रमाणं, माझ्यापेक्षा."

"आता काय त्याचं लोणचं घालू?" त्यानं खडू घेतला आणि यंत्राच्या फळीवर सत्तेचाळीस लिहून ठेवलं, विसरू नये म्हणून. मग हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

"तुला राग नाही आला?"

"कुणाचा धरू? बाईंच्या घरात चूल पेटली." तो थांबला. "आला तर येईल. सवडीनं." मग एकदम म्हणाला, "चाळीस म्हणायचे. रोज. आणि मी म्हणायचो, न्हाई आप्पा, एक्केचाळीस. हात धरून समजावून सांगायचो, बोटं मोजून दाखवायचो." त्यानं हात पुसायचं फडकं बाजूला टाकलं. "म्हाताऱ्याची वजाबाकी बरोबर होती की गं."

बाहेर कुणीतरी मोटारसायकल लावली, दुकानात डोकावलं, आमच्याकडे बघून "नंतर येतो" म्हणून गेलं.

दादानं स्टूल जवळ ओढलं. त्याला आणखी काहीतरी विचारायचं होतं आणि ते गुणांबद्दल नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. शाळेत फळ्यापुढे उभा केल्यावर तो असा दिसायचा.

"आई कधी गेली गं? तारीख?"

"मार्च २००१."

"मग मी तेव्हा केवढा होतो?"

"साडेचारला थोडा कमी."

त्यानं बोटांवर मोजलं. मी सांगितलेलं असूनही त्यानं स्वतः मोजलं, ऑक्टोबरपासून ऑक्टोबरपर्यंत, मग पुढचे महिने. दोनदा.

"साडेचार सुदीक न्हाई," तो म्हणाला. "जुई चारची असताना तिची पणजी गेली. काय आठवत न्हाई तिला. रोज मांडीवर बसायची, तरी काय न्हाई."

"नाहीच आठवत त्या वयातलं, दादा. कुणालाच नाही."

"सहा वर्षांचा घोडा आणि आईचं तोंड आठवत न्हाई." आत्याचेच शब्द होते. ते त्यानं अगदी हळू उच्चारले, जसा एखादा जुना भाग उघडून बघावा आणि बाजूला ठेवावा. "छत्तीस वर्षं वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी हाय. डोक्यात न्हवं. आत."

माझ्याकडे जे होतं ते मी दिलं. बाईंनी सांगितलेला दसरा सांगितला. लुटून आणलेलं सोनं, सुरू झालेल्या कळा, वाटायची राहिलेली पानं. आणि आईचं वाक्य, तिच्या तोंडचं, जसंच्या तसं, "ह्यानं माझा दसरा बुडवला."

दादा ऐकत होता. यंत्राची गुणगुण ऐकताना मिटले होते तसेच डोळे मिटून.

"असं म्हणायची?"

"बाई म्हणाल्या, हसून म्हणायची."

तो उठला. अर्धवट वाइंडिंगवर फडकं टाकलं. फळीवरचा सत्तेचाळीस खडूनं पुन्हा गिरवला. भिंतीवरची मोटारसायकलची किल्ली काढली. सकाळचे अकरा वाजले होते. या वेळी त्याचं दुकान बंद झालेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"जुईच्या शाळेपाशी दोन मिनिटं थांबू," शटर ओढताना तो म्हणाला. "तिच्या चाचणीच्या फॉर्मवर तारीख नीट लिहिलीय का बघायचीय मला. आणि मग आजऱ्याला."

"आजऱ्याला कशाला?"

त्यानं कुलूप घातलं, ओढून बघितलं.

"बाईंना विचारायचंय," तो म्हणाला. "अजून काय काय म्हणायची."